टकिलाचा पंचनामा

न चाखता लिहायचं नाही, असं मी ठरवलं. एवढंच. पुढे जे झालं ते या एका निर्णयामुळे झालं, आणि तो निर्णय मला अजूनही चुकीचा वाटत नाही. (बायकोला वाटतो. सासूबाईंना वाटतो. ढाबेवाल्या रूपरावांनाही वाटतो, पण त्यांचा संबंध नाही.)

मी सुमीत. एम.ए. मराठी, वय सत्तावीस, मुक्काम कारंजा (घाडगे), जिल्हा वर्धा. पुण्याच्या एका वेबसाइटसाठी वस्तूंची परीक्षणं लिहितो. मिक्सर, गाद्या, डास मारायच्या रॅकेट. काम सुटं, नोकरी अशी नाही. लग्नाला वर्ष झालं तेव्हा सासूबाईंनी विषय काढला आणि आमच्यात तह झाला: वेबसाइटनं मार्चपर्यंत कायम केलं तर ठीक, नाहीतर मी निमूटपणे हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून म्हणून चिकटायचं. सरकीची पोती मोजण्यासाठी मी एम.ए. झालो नव्हतो. (कशासाठी झालो होतो, हे सासूबाईंनी विचारलं होतं. मी वेळ मागून घेतला होता.)

मार्चमध्ये संपादक आकांक्षा मॅडमचा मेल आला. जागा एक, उमेदवार दोन: मी आणि नाशिकचा कुणीतरी. दोघांनाही एकच विषय, शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत लेख पाठवायचा. विषय होता: 'परवडणारी, लाकडी पिंपात मुरवलेली टकिला: चव आणि मूल्यमापन.'

इथे थोडं सांगायला हवं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. माझ्या सासूबाई सुलोचनाबाई तालुक्यातल्या महिला दारूबंदी मंडळाच्या अध्यक्ष आहेत. माझी बायको वल्लरी त्याच मंडळाची सचिव. आणि मी आयुष्यात दारूचा थेंब चाखलेला नव्हता. आमचं लग्न जमलं ते माझ्या या एकाच गुणावर. दुसरा गुण शोधायला कुणी थांबलं नाही.

"नेटवर वाच आन् ठोकून दे ना बे," माझा मित्र दुर्गेश फोनवर म्हणाला. तो नागपूरला नोकरीला असतो. "तू गाद्यांवर लिहिलं तवा काय सगळ्या गाद्यांवर झोपला होता?"

"झोपलो होतो," मी म्हणालो. (दुकानदारानं दुसऱ्या दिवशी दुकानात येऊ दिलं नाही, तो भाग वेगळा.) "न चाखता लिहिणं ही वाचकाची फसवणूक आहे. नाशिकवाला नेटवरूनच लिहील. मी प्रामाणिकपणे लिहीन आणि जिंकेन."

"आन् बायको?"

"मी पिणार नाहीच. नुसती चाखणार आणि थुंकणार. जगभरचे परीक्षक तसंच करतात."

"बोंबला," दुर्गेश म्हणाला.

मी सगळं कायद्यात बसवलं. वर्धा जिल्ह्यात चाखायची नाही, म्हणून भेटायची जागा नागपूर रस्त्यावर, जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर लगेच लागणारा रूपरावांचा ढाबा. पिण्यासाठी सरकारी परवाना लागतो, म्हणून दुर्गेशला दोघांचे एक-एक दिवसाचे परवाने घ्यायला लावले. (दुकानदाराकडे आजवर कुणी परवाना मागितला नव्हता. त्याला पावतीपुस्तक सापडायला वीस मिनिटं लागली, आणि परवाना प्रकृतीच्या कारणासाठी असतो हे त्यावर वाचून त्यानं दुर्गेशची तब्येत विचारली.) आणि दिवस निवडला शनिवार, कारण त्या दिवशी मंडळाच्या बाया निवेदन द्यायला नागपूरला जाणार होत्या. वल्लरी घरात नाही, सासूबाई तालुक्यात नाहीत. योजनेत एकही भोक नव्हतं.

नागपूरहून कारंज्याला परत यायला हाच एक रस्ता आहे, हे मला सुचलं नाही. मी भूगोल बारावीनंतर सोडला.

दुपारी तीन वाजता आम्ही ढाब्यामागच्या खाटेवर बसलो. दुर्गेशनं पिशवीतून बाटली काढली. लेबलवर लिहिलं होतं की ही टकिला लाकडी पिंपात नऊ महिने विसावली आहे.

"नऊ महिने?" चहा ठेवायला आलेले रूपराव म्हणाले. "मंग बाळंतच झाली म्हना. कायची होय हे?"

"घायपातासारखं एक झाड असतं मेक्सिकोत, त्याच्या गड्ड्याची."

"घायपाताची?" रूपराव कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "आमच्या वावराच्या धुऱ्यावर पन्नास झाडं हायेत घायपाताची. ढोरं तोंड नाई लावत त्याले. आन् तुम्ही नागपूरहून मागवून राह्यले?"

मी वही उघडली. रंग: पिवळसर. इथपर्यंत ठीक होतं. वास: ग्लास नाकाशी नेला आणि जोरात श्वास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं. वहीत लिहिलं, 'इंजेक्शनच्या आधी दंडाला लावतात तसा.' मग पहिला घोट तोंडात घेतला. तो तोंडात सगळीकडे फिरवायचा असतो, म्हणून फिरवला. तेवढ्यात दुर्गेशनं "कशी आहे बे?" विचारलं आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर बाहेर आलं नाही, घोट आत गेला.

असा मी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी बाटलो. लिहिलं, 'चव: तिखट. बहुधा.'

दुसरा घोट मी नीट थुंकला, बादलीत. तिसराही. पलीकडच्या खाटेवरचा एक ट्रक ड्रायव्हर जेवण सोडून आमच्याकडे बघायला लागला.

"भाऊ," शेवटी तो रूपरावांना म्हणाला, "ये आदमी थूक काऊन राह्यला? खराब आहे का माल?"

"नाई," रूपराव म्हणाले. "शिकलेला आहे."

सातव्या घोटापर्यंत मला 'तिखट' सोडून दुसरा शब्द सुचला नव्हता. साडेचार वाजले होते. मराठीत एम.ए. असून शब्द सुचू नये याची मला चीड आली. मी बादलीवर वाकून आठवा घोट थुंकत होतो, तेव्हा मागून आवाज आला.

"आई! हे पाह्य! उलट्या करून राह्यले!"

वल्लरी. तिच्यामागे सासूबाई, त्यांच्यामागे मंडळातल्या म्हाताऱ्या रुखमाबाई, आणि त्यांच्यामागे मंडळाच्या आणखी नऊ बाया. नागपूरहून परतताना त्यांची गाडी चहाला थांबली होती. ढाब्यामागे नळ आहे, तिथे पाय धुवायला त्या आल्या होत्या.

"उलटी नाही," मी ताठ उभा राहून म्हणालो. "थुंकतोय. परीक्षण चालू आहे."

"कायचं परीक्षण?" वल्लरीनं विचारलं. मग तिला बाटली दिसली. तिनं पर्समधून पेन काढलं, त्यामुळे मी फार घाबरलो.

"आई, सगळं कायद्यात आहे," मी सासूबाईंना म्हणालो. "हे परवाने. आणि ही जागा नागपूर जिल्ह्यात येते. बोर्ड मागे राहिला."

सासूबाईंनी परवाने चष्मा लावून वाचले. दोन्ही बाजूंनी वाचले. मग शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, बोर्ड रस्ता रुंद करताना अलीकडं सरकवला. आपला जिल्हा थ्या पुलापाशी संपते. वीस वर्षं मी या हद्दीवर गाड्या अडवून राह्यली. तुम्ही वर्धा जिल्ह्यात बसले आहा."

म्हणजे मी बाटली नागपूर जिल्ह्यातून दारूबंदीच्या जिल्ह्यात मागवली होती, आणि शिवाय तिथे बसून चाखली होती. दुर्गेश म्हणाला, "मी गाडीत हवा पाहून येतो." तो आलाच नाही.

मला तत्त्व सोडता येत नाही. मी म्हणालो, "मग माझ्यावर गुन्हा नोंदवा."

"तुम्ही चूप बसा," वल्लरी म्हणाली.

"सुमीतराव खरं बोलून राह्यले," एक बाई म्हणाली. "अध्यक्षबाईचा जावई म्हनून सोडलं तं उद्या गावात आपल्याले कोन इचारन?"

सासूबाईंचा चेहरा पडला. वीस वर्षांत कुणाला सूट न दिलेल्या त्या बाई. त्यांच्यावर आता अकरा जणींचे डोळे, आणि समोर जावई बादलीसकट. मला पहिल्यांदा खरंच वाईट वाटलं.

"सोडाचं नाई," त्या म्हणाल्या. "वल्लरी, रजिस्टर काढ. जसा सगळ्यांचा होते तसाच पंचनामा होईन. बाटली उपडी होईन. आन् जावईबापू पुढच्या शनिवारच्या सभेत सगळ्यांसमोर माफी मांगतीन."

मंडळाची एक पद्धत आहे. माल सांडण्याआधी तो काय होता, याची रजिस्टरमध्ये नोंद होते. आणि ती नोंद रुखमाबाईंच्या नाकावर होते. जंगलात मध, डिंक, मोहफुलं वेचण्यात त्यांची पन्नास वर्षं गेली आहेत. कुठल्या कॅनमध्ये सडका गूळ घातला आहे, कुठल्यात नवसागर, हे त्या झाकण उघडून सांगतात. चाखत कधीच नाहीत. पदर सावरून त्यांनी बाटली हातभर लांब धरली आणि एकदाच श्वास घेतला.

"लिही वो वल्लरी. पह्यलं लाकूड येते. सागाचं नाई, मोहाचं नाई. दुसऱ्या मुलखाचं आहे. आतून जाळलेलं."

मी थबकलो. पिंप आतून जाळतात, हे मी नेटवर वाचलं होतं. लेबलवर नव्हतं.

"मंग भाजलेला कंद. चुलीच्या राखेत रताळं राह्यलं का येते, तसा. त्याच्या मांगून गूळ, पाक थोडा करपलेला. आन् एकदम शेवटी काळी मिरी, नाकाच्या शेंड्यावर. घाई केली आहे कोनी तरी. अजून वर्षभर राह्यली असती तं हे मिरी बसली असती." त्यांनी बाटली बाजूला केली. "माल वाईट नाई. पन पोरगं आहे अजून."

मी खाटेवर बसून घाईघाईनं उतरवून घेत होतो. "मावशी, मागे राहणारी चव?"

"वासावरून सांगतो. घसा कोरडा करन आन् घरी भांडन करन."

"आणि कशासोबत घ्यावी?"

रुखमाबाईंनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. वल्लरीनं रजिस्टरमध्ये लिहिलं, 'कशासोबतही घेऊ नये.'

बाटली उपडी झाली. ट्रक ड्रायव्हरनं तोंड फिरवलं. सव्वापाच वाजले होते. मी तिथेच, मोबाइलवर, लेख लिहिला. माझ्याकडे स्वतःचा एकच शब्द होता आणि रुखमाबाईंचा अख्खा पंचनामा. तो माझ्या नावावर खपवणं मला जमलं असतं. नाशिकवाल्यानं नक्की खपवला असता. पण मी लेखाच्या शेवटी स्पष्ट लिहिलं: रंग आणि चव: सुमीत; वास आणि बाकी सगळं: रुखमाबाई; शब्दांकन: वल्लरी, सचिव. पाच पन्नासला लेख गेला.

पुढच्या शनिवारी मी सभेत माफी मागितली. कायदा पाळण्याच्या इच्छेतून गुन्हा कसा घडतो, यावर दहा मिनिटं बोलणार होतो. दुसऱ्या मिनिटाला सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी वाजवल्या.

त्यानंतर दोन दिवसांनी आकांक्षा मॅडमचा फोन आला.

"सुमीत, असा लेख आमच्याकडे आजवर आलेला नाही! राखेतलं रताळं! 'पोरगं आहे अजून'! आणि तो शेवट!"

"म्हणजे मी कायम?"

"चवीचा भाग आम्ही काढला," त्या म्हणाल्या. "त्यात एकच शब्द होता. बरं, त्या रुखमाबाईंचा नंबर द्या ना. आणि लिहून घेणाऱ्या मॅडमचा."

रुखमाबाईंनी अट घातली: दारू सोडून काहीही आणा, हुंगून देतो. वेबसाइटनं ती मान्य केली. आता तूप, मध, चहा, मसाले यांची परीक्षणं रुखमाबाई सांगतात आणि वल्लरी लिहिते. ती कायम झाली. मी हिंगणघाटला गेलो नाही, कारण नमुन्यांची पार्सलं स्टँडवरून आणायला माणूस लागतो.

परवा तुपाचे सहा नमुने आले. मी डबे ओळीनं मांडले, झाकणं उघडली आणि मला सहज वाटलं, आपणही एकदा पाहावं. मी वाकलो.

"जावईबापू," रुखमाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "थोडं दूर सरून बसा. तुमचा वास मिसळून राह्यला."

वल्लरीनं ते लिहून घेतलं.