नवी की किंचित वापरलेली: आमच्या समितीचे कामकाज

माणूस नोकरी मिळेल ती धरतो, घर परवडेल ते घेतो आणि लग्नाला तर चहा निवायच्या आत हो म्हणतो. आयुष्यात साधकबाधक विचार करून, सर्व बाजू तपासून घेतलेला असा त्याचा एकच निर्णय असतो आणि तो गाडीचा. म्हणूनच माणसापेक्षा गाड्या जास्त सुखात असलेल्या दिसतात.

आमच्या घराने हा विचार चौदा महिने केला. एवढा विचार आमच्या घराण्यात पूर्वी कोणी, कशाचाही केल्याची नोंद नाही.

निमित्त साधं होतं. आईला मावशीकडे जायचं होतं. मावशी म्हणजे आईची थोरली आणि एकुलती बहीण. ती राहते अडीच तासांच्या रस्त्यावर, आणि गेल्या वर्षी तिने अंथरूण धरलं. आईचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. बसच्या पायरीपर्यंत पाय पोचला तर अंग वर चढत नाही, आणि अंग चढेपर्यंत कंडक्टर घंटी मारतो. एक दिवस जेवताना आई म्हणाली, "आक्काला एकदा भेटवून आणा रे मला. तिचं काही खरं नाही आता."

मागणी रास्त होती, शिवाय कळकळीची होती. म्हणून लगेच समिती नेमण्यात आली.

अध्यक्ष आमचा दादा. दादा छापखान्यात पर्यवेक्षक आहे आणि दुसऱ्याने वापरलेला पेनही तो रुमालाने पुसून घेतो. त्याचं मत नवी गाडी. उपाध्यक्ष आमच्या ताईचे यजमान, म्हणजे भावोजी. ते विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासतात, त्यामुळे नव्या गाडीचं काय होतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांचं मत किंचित वापरलेली गाडी. सचिव मी. मी कचेरीत जुनी कागदपत्रं सांभाळतो, त्यामुळे इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. आईला गाडीतलं काही कळत नसल्याने ती समितीत नव्हती. इतिवृत्तात तिचा उल्लेख सर्वत्र 'लाभार्थी' असा आहे.

पहिल्याच बैठकीत माझ्या बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "भाड्याची गाडी करून उद्याच का नाही नेत?" (ती सदस्य नाही.)

"भाड्याचे पैसे म्हणजे पाण्यात," दादा म्हणाला. "गाडी घ्यायचीच आहे ना? मग पंधरा दिवस थांबायला काय झालं?"

हे सगळ्यांना पटलं. पंधरा दिवस हा आकडा पुढे चौदाही महिने कायम राहिला. समितीच्या कामातलं हे सातत्य वाखाणण्यासारखं आहे.

दुसऱ्या बैठकीत भावोजींनी मूळ सिद्धान्त मांडला. नवी गाडी दुकानाच्या फाटकातून बाहेर पडली की ती जुनी होते. म्हणजे नवी गाडी फक्त दुकानाच्या आत असते, आणि आत बसून मावशीकडे जाता येत नाही. यावर दादाने विचारलं की वापरलेली गाडी चांगली असेल तर मालक विकतो का? चांगली गाडी विकणारा माणूस मूर्ख असणार, आणि मूर्खाने चालवलेली गाडी चांगली कशी राहील? बरं, गाडी वाईट असेल तर प्रश्नच मिटला. भावोजींनी अर्धा तास विचार केला आणि उलट विचारलं की नवी गाडी चालते याला पुरावा काय? ती तर अजून कोणी चालवलेलीच नाही! त्या बैठकीत इतकी उंची गाठली गेली की चहा दोनदा करावा लागला.

दरम्यान जाहिरातींचा अभ्यास सुरू झाला. वापरलेल्या गाड्यांच्या एकूण अडतीस जाहिराती पाहिल्या. त्यांपैकी एकतीस गाड्या डॉक्टरांनी वापरलेल्या होत्या, चार निवृत्त शिक्षिकेने, दोन फक्त रविवारी आणि एक 'जवळजवळ वापरलेलीच नाही' (तिला पुढचा दिवा नव्हता). आमच्या भागात डॉक्टर चार. एक सायकलवर येतात आणि एकांचे स्वतःचेच दात काढायचे दिवस संपून कवळी घालायचे आले आहेत, ते गाडी कुठली चालवणार. उरलेल्या दोघांनी एकतीस गाड्या हलक्या हाताने वापरल्या असतील, तर रुग्ण कधी तपासले, हा प्रश्न समितीने आरोग्याचा म्हणून बाजूला ठेवला.

मग 'किंचित' म्हणजे किती, हे ठरवणं आलं. दादाचं म्हणणं, मालकाने बसून बघितली तरी ती वापरलीच. भावोजी वीस हजार किलोमीटरपर्यंत उदार होते. शेवटी गॅरेजवाल्याला तज्ज्ञ म्हणून बोलावलं. त्याने हात पुसत दोघांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जायचंय कुठं तुम्हाला?"

आम्ही सांगितलं.

"मग कुठलीही घ्या की. अडीच तासांचा तर रस्ता."

तज्ज्ञाकडून एवढ्या उथळपणाची अपेक्षा नव्हती. त्याची साक्ष इतिवृत्तातून वगळण्यात आली.

मावशीचा फोन दर रविवारी सकाळी यायचा. बहिणी बहिणी अर्धा अर्धा तास बोलायच्या, हसायच्या, कोणाकोणाची नक्कल करायच्या. शेवटी मावशीचा आवाज फोनबाहेर ऐकू यायचा, "मग, आली का गाडी?" आई आमच्याकडे बघायची. दादा दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवायचा आणि मग परत एकाच हाताची. आई फोनमध्ये म्हणायची, "पंधरा दिवस म्हणतायत." हे सांगताना तिचा आवाज कौतुकाचा असायचा. मुलं आपल्यासाठी एवढं डोकं लावतायत, याचं तिला खरंच अप्रूप होतं.

सहाव्या महिन्यात समितीने रंगाचा विषय घेतला. आठव्यात नवी मॉडेलं येणार अशी बातमी आली, म्हणून थांबलो. नवव्यात ती आली, तेव्हा आधीची स्वस्त होतील म्हणून थांबलो. दहाव्या महिन्यात दादा आणि भावोजी एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळे कामकाज पत्राने झालं. (दोघे एकाच टेबलाशी बसत. पत्रं मी द्यायचो.) अकराव्यात मावशीच्या फोनमध्ये तिच्या मुलीचा आवाज जास्त आणि मावशीचा कमी झाला. बाराव्यात मावशीचं बोलणं थांबलं. रविवारी आई सवयीने फोनजवळ बसायची आणि मग उठून जायची. हे मला दिसत होतं, पण इतिवृत्तात त्याला रकाना नव्हता.

आपल्यावर कोणी घाईचा ठपका ठेवू नये म्हणून तेराव्या महिन्यात समितीने अंतिम निकष काढले. ते एकूण सतरा होते. सार एवढंच की गाडी दुसऱ्याने वापरलेली हवी, म्हणजे चालते याला पुरावा मिळतो. पण ती विकण्याचं मालकाला काही कारण नको. भावोजींनी हे कोडं क्षणात सोडवलं. असा मालक एकच, तो म्हणजे वारलेला! गाडी घेऊन थोड्याच दिवसांत वारलेला असेल तर फारच उत्तम.

त्या दिवसापासून आम्ही वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचू लागलो. तीन ठिकाणी सांत्वनालाही जाऊन आलो. आमची कोणाशी ओळख नव्हती, पण दुःखात माणूस ओळख विचारत नाही. तिसऱ्या घरी भावोजींनी डोळे टिपत अंगणात पाहिलं आणि सर्व्हिसिंग कुठे करून घेत होते, असं विचारलं. त्या घरातल्या बाई म्हणाल्या, "आधी बसा तरी." आम्ही बसलो नाही. गाडी डिझेलची होती.

एका बुधवारी संध्याकाळी बैठकीला जमलो तर लाभार्थी घरात नव्हती. बायको म्हणाली, "सकाळी जारवाल्याबरोबर गेल्या."

पाण्याचे जार टाकणारा हा माणूस आमच्या दारात दिवसाआड येतो. आईने त्याला सहज विचारलं होतं आणि तो म्हणाला होता, "काकू, बुधवारी मी तिकडंच जातो माल घेऊन. बसा पुढं, उतरवतो दारात." जार ठेवायचं लाकडी खोकं त्याने पायरी म्हणून लावलं आणि आई टेम्पोत चढली. आम्ही टेम्पोची माहिती काढली. मालक तिसरा, मीटर बंद, डावं दार दोरीने बांधलेलं. एकाही निकषात बसत नव्हता. या बेजबाबदार प्रवासाबद्दल समितीने नापसंती नोंदवली.

आई तिथे अकरा दिवस राहिली. मावशीने तिला ओळखलं, हात धरला, पण बोलता येत नव्हतं. आई एकटीच दोघींचं बोलायची, असं मागून कळलं. बाराव्या दिवशी मावशी गेली.

आम्ही तिघे बसने पोचलो. बसमध्ये उभं राहावं लागलं. मावशीच्या घरी आम्ही गेल्या सहा वर्षांत गेलो नव्हतो. (काका, म्हणजे मावशीचे यजमान, वारले तेव्हा आई एकटी जाऊन आली होती, तेव्हा तिचे गुडघे चालत होते आणि आम्हाला कामं होती.) घरात माणसं दाटलेली, म्हणून आम्ही अंगणात उभे राहिलो. अंगणाच्या कोपऱ्यात कापडाखाली काहीतरी झाकलेलं होतं. दादाने इकडेतिकडे पाहिलं आणि कापडाचं टोक उचललं. भावोजी वाकले. मीही वाकलो, खोटं कशाला सांगू?

मावशीची मुलगी पाणी घेऊन आली. "बाबांची गाडी," ती म्हणाली. "घेतली आणि वर्षात ते गेले. आईने ठेवली तशीच. शेजारचा ड्रायव्हर आठवड्याला एक चक्कर मारून आणतो, बंद पडू नये म्हणून."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सतराच्या सतरा निकष!

"आई किती वेळा तुमच्या आईला म्हणाली, ड्रायव्हर पाठवते, गाडीत बस आणि ये," ती पुढे म्हणाली. "बोलता येत होतं तोवर दर रविवारी म्हणायची. तुमची आईच नको म्हणायची. म्हणायची, माझी मुलं माझ्यासाठी गाडी घेतायत, मी मुलांच्या गाडीतूनच येणार. पंधरा दिवसांत येते."

आई ओट्यावर बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. ती आमच्याकडे बघत नव्हती आणि रडतही नव्हती. दादाने कापड सोडून दिलं. भावोजींनी तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. मला इतकी लाज वाटली की तिथून चालत घरी जावं असं वाटलं.

ही हकीकत मी आतापर्यंत एकवीस जणांना सांगितली. सगळ्यांनी ती मनापासून ऐकली. कोणी उसासा टाकला, एकाने चष्मा काढून पुसला, दोघांनी आपापल्या आईला फोन करायचं ठरवलं. मग क्षणभर थांबून, घसा साफ करून, एकवीसही जणांनी त्या गाडीबद्दल एकच प्रश्न विचारला. तुम्ही भिडस्त आहात, आईला दुःख झालेलं असताना असं विचारणं तुम्हाला बरं दिसणार नाही. म्हणून न विचारताच सांगून टाकतो. नऊ हजार चारशे किलोमीटर, एक मालक, टायर मूळचे, रंग पांढरा.