खंडोजीअण्णा आणि दोड्डवरू

खंडोजीअण्णांना इटालियन येत नाही. तरीही एका इटालियन गाण्याचा अर्थ ते दर रविवारी सांगतात, आणि तो दर रविवारी वेगळा असतो. पाण्याचा टँकर आला नाही त्या आठवड्यात गाण्यातला म्हातारा बाप नदी आटली म्हणून रडत होता. अण्णांचा गुडघा सुजला तेव्हा बापाला जिना चढवत नव्हता. आणि कॅनडातल्या लेकीचा फोन चुकला, तेव्हा तर बाप गाणं संपेपर्यंत बंदरावर उभा होता.

"ऐका पुणेकरबाई, इथं 'आ...' म्हणतोय ना? जहाज दिसलं त्याला. पण दुसऱ्यांचं!"

मी चामराजपेटेत अण्णांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. नोकरी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला, त्यामुळे निम्मं आयुष्य सिग्नलवर जातं. पण पुण्याहून नवी नवी आले तेव्हा फाटकातून मराठी ऐकू आलं आणि मी जागा न बघताच हो म्हटलं. अण्णांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी घोड्यावरून इकडं आलं म्हणतात. घोड्यावरून उतरताना मराठीत जे कन्नड सांडलं, ते अजून कुणी पुसलेलं नाही.

गाणं म्हणणारा माणूस शंभर वर्षांपूर्वीचा. त्या काळी त्याच्या नावानं थिएटरं भरायची. अण्णा ते नाव घेत नाहीत. 'दोड्डवरू' म्हणतात, म्हणजे मोठे, वडीलधारे. त्याचा आवाज बॅरिटोन, पुरुषाचा भरदार आवाज. अण्णा 'बारीटोन' म्हणतात आणि लगेच बजावतात, "नावात आहे, पण आवाजात बारीक काही नाही हां!"

टेलिफोन खात्यात नवीन चिकटले असताना इथल्याच, पुण्यातल्या नव्हे, शिवाजीनगरच्या जुन्या बाजारातून त्यांनी कर्ण्याचा ग्रामोफोन आणला. त्याच्यासोबत ही तबकडी आली. एका बाजूलाच गाणं, मागची बाजू कोरी. मी एकदा कारण विचारलं.

"दोड्डवरू गाऊन गेल्यावर मागनं कोण गाणार?" अण्णा म्हणाले.

तेव्हा मायक्रोफोन नव्हता, गवई थेट कर्ण्यात तोंड घालून गायचे, हे ते तांब्याच्या घागरीत डोकं घालून दाखवतात. एकदा चष्मा आत राहिला.

पण या भक्तीत आनंद कमी आणि धास्तीच जास्त. सुई प्रत्येक वेळी आवाजाचा स्वल्प कीस काढते, असं त्यांनी कुठंतरी वाचलं. म्हणून आठवड्यातून एकदाच, रविवारी दहा वाजता, एकच वेळ. रविवारी नऊलाच ते फाटकात उभे. कचऱ्याची गाडी येऊन गेली का? समोरचा मिक्सर झाला का? एका रिक्षावाल्याला तर त्यांनी रिक्षा कोपऱ्यापर्यंत ढकलत न्यायला लावली. मग नवी सुई, हलक्या हातानं किल्ली, आणि कर्ण्याला खेटून खुर्चीत सरसाक्का, त्यांच्या पत्नी, डोळे मिटून.

आमच्या ऑफिसातला जोसेफ अशा तबकड्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतो, असं मी एकदा बोलून गेले. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वडीलधाऱ्या माणसाची झेरॉक्स काढतात काय?"

मी विषय सोडला.

आणि गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी अण्णा स्वतःच वर आले. कोटाची बटणं वरखाली लागलेली, हातात दोन उशा, उशांच्या मध्ये शालीत गुंडाळलेली तबकडी.

"त्या जोसेफला सांगा, येतो म्हणून."

रिक्षात ते पाठीला न टेकता बसले. तबकडी मांडीवर, हात वरून खालून. प्रत्येक गतिरोधकाला "निधान, निधान!" म्हणजे हळू, हळू. शेवटी रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, "एनु सार, मगू ना?" लहान बाळ आहे का?

"मगू अल्ल," अण्णा ओरडले, "ताता! आजोबा!"

त्यानंतर रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं नाही.

रिंग रोडवर आम्ही अडकलो. पुढे बस, मागे बस. अण्णांच्या कपाळावर घाम. मी म्हटलं, "अण्णा, इतका जीव खालीवर होतोय, तर आणलंत कशाला?"

त्यांनी शालीची सुटलेली कड उशीखाली खोचली.

"अक्काला ऐकू येईना झालंय," ते म्हणाले. "पहिल्यांदा कोकिळा गेली. मग दारावरची बेल. मग लेकीचा आवाज. फोन कानाला लावून ती नुसती 'सरी, सरी', बरं बरं, म्हणते. डाक्टर म्हणाले, बारीक आवाज आधी जातात, जाड मागनं. कानातल्या यंत्रात बोलणं कळतं, गाणं म्हणजे डब्यात खडे. दोड्डवरू तेवढे पोचत होते. गेल्या रविवारी ती म्हणाली, आज चालू नाही केलात काय?"

बस हलली. रिक्षाही हलली.

"लग्न झालं तेव्हा गात होती हो ती. मी लाजून कधी 'छान' म्हटलं नाही," अण्णा म्हणाले. मग रिक्षावाल्याला म्हणाले, "निधान, अप्पा."

जोसेफनं तबकडी दोन्ही हातांत घेतली तेव्हा अण्णा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. त्याची सुई पिसासारखी हलकी आहे, हे मी तीनदा सांगितलं. मग मोठ्या स्पीकरमधून तो आवाज आला आणि अण्णा गर्रकन वळले.

"अय्यो," ते म्हणाले, "इतका तरुण होता काय!"

जोसेफनं विचारलं, खरखर काढून टाकू का? मी अण्णांना सांगितलं. त्यांनी जोरात मान हलवली. "नको, नको. खरखर आमच्या घरची आहे."

दुसऱ्या दिवशी मी माझे ऑफिसचे मोठे हेडफोन खाली नेले. जोसेफनं खालचे सूर उठाव देऊन बसवले होते. अक्कांनी अंबाडा सोडून हेडफोन चढवले आणि माझ्याकडं बघून हसल्या. फोनवर गाणं सुरू केलं. खोलीत काहीच ऐकू येईना.

"येतंय का?" अण्णांनी विचारलं. अक्कांचं लक्ष नाही. "अगं, येतंय का?" अण्णा गुडघ्याची पर्वा न करता त्यांच्यासमोर खाली बसले. "पुणेकरबाई, बंद पडलं असेल. बघा ना स्वल्प."

फोनवर आकडे पुढं सरकत होते. मी काही बोलणार, तोच अक्कांनी डोळे मिटले. त्यांचा उजवा हात पुढं आला, चाचपडत अण्णांच्या मनगटावर थांबला, आणि त्यावर बोटं हळूहळू ठेका धरू लागली.

मनगट जराही न हलवता, मान खाली घालून, अण्णा त्या बोटांकडं बघत राहिले. थोड्या वेळानं बोटं थांबली, आणि बराच वेळ तिथंच दाबून राहिली.

"आता वरचा सूर आलाय," अण्णा मला कुजबुजत म्हणाले. "छान घेतलाय."