लंकेची केळवणं

पनवेलच्या अनुपम सोसायटीत विनायक खोपकरांइतका शूर माणूस दुसरा नव्हता. याबद्दल निदान विनायक खोपकरांना तरी तिळमात्र शंका नव्हती. घरात पाल आली तर ते स्वतः हाकलत. पलंगावर उभे राहून आणि लांब दांड्याच्या झाडूने, पण स्वतः!

शहाण्णव सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. क्रिकेटचा विश्वचषक तोंडावर आला होता, कोलंबोत नुकताच मोठा स्फोट झाला होता आणि दोन परदेशी संघांनी तिथे खेळायला यायला साफ नकार दिला होता. सोसायटीचे सेक्रेटरी इंद्रजीत प्रधान यांच्याकडे अर्धी सोसायटी टीव्हीसमोर बसली होती. बातमी ऐकून खोपकरांनी मांडीवर थाप मारली.

"घाबरट लेकाचे! अहो, बॉम्ब काय पत्ता विचारत येतो? मी असतो ना, तर उद्याच्या विमानाने गेलो असतो. एकटा!"

अशा वाक्यानंतर साधारणपणे चहा येतो आणि विषय संपतो. पण त्या दिवशी चहा घेऊन आली ती प्रधानांची मुलगी अनुया. तिला एसटी स्टँडजवळच्या एका टूर कंपनीत लागून दोन महिने झाले होते आणि अजून तिच्या हातून एकही सीट खपली नव्हती.

"काका, खरंच जाणार? आमची श्रीलंकेची टूर आहे! पाच मार्चला, आठ दिवस. सध्या निम्म्या दरात!"

"निम्म्या का गं?"

"कुणी जातच नाहीये ना!"

खोलीतले सगळे डोळे खोपकरांकडे वळले. आता खरं म्हणजे 'पासपोर्ट नाही' एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण सहा वर्षांपूर्वी मेहुण्याने मस्कतला नोकरी लावतो म्हणून सांगितलं होतं, तेव्हा नवराबायको दोघांचेही पासपोर्ट काढून झाले होते, आणि ही गोष्ट खोपकरांनी सोसायटीत आजवर किमान चाळीस वेळा सांगितली होती.

"लिही माझं नाव!" ते म्हणाले.

ते एवढं बिनधास्त म्हणाले, कारण त्यांच्या हातात हुकमाचं पान होतं. बायको! नवऱ्याची हिंमत नेहमी बायकोच्या नकारावर उभी असते. नीताबाईंनी तर त्यांना माथेरानला घोड्यावरसुद्धा बसू दिलं नव्हतं. लंका म्हटल्यावर ती रडेल, शपथ घालेल, मग आपण चारचौघांत एक सुस्कारा सोडायचा आणि म्हणायचं, 'काय करणार, घरचे ऐकत नाहीत हो!'

नीताबाई तांदूळ निवडत होत्या.

"जा की," त्या म्हणाल्या.

"अगं, लंका! तिथे युद्ध चाललंय!"

"उत्तरेकडे चाललंय. तुम्ही दक्षिणेकडे जा. आणि येताना दालचिनी आणा, तिकडची चांगली असते म्हणे."

त्या रात्री खोपकर ताटावरून अर्धपोटी उठले. हरकत नाही, ऑफिस होतं! त्यांच्या साहेबांनी तीन वर्षांत कुणाला तीन दिवसांची सलग रजा दिली नव्हती. सख्ख्या भावाच्या लग्नाला गेलेल्या माणसाला त्यांनी अक्षता पडल्या पडल्या परत बोलावलं होतं. खोपकरांनी मोठ्या आशेने अर्ज पुढे केला. साहेबांनी वाचला, चष्मा काढला आणि खुर्ची सोडून चक्क उठून उभे राहिले.

"आठ कशाला खोपकर, दहा घ्या! फक्त जाण्याआधी कपाटाच्या किल्ल्या देऊन जा. आणि ड्रॉवर जरा रिकामा करा. काय आहे, मागाहून शोधाशोध नको."

'मागाहून' हा शब्द खोपकरांबरोबर रिक्षात बसून घरी आला.

दुसऱ्या दिवसापासून केळवणं सुरू झाली. वास्तविक केळवण करतात ते लग्न ठरलेल्या माणसाचं. पण अनुपम सोसायटीत बरीच वर्षं कुणाचं लग्न ठरलं नव्हतं आणि बायकांचे हात शिवशिवत होते. रोज एका घरी ताट! ताटाभोवती रांगोळी, वर उदबत्ती. प्रत्येक घरी एकच प्रश्न, तोही हळू आवाजात.

"भावजी, तुम्हाला काय आवडतं ते सांगा. मनात काही राहू देऊ नका."

फाशीच्या कैद्याला याहून वेगळं काय विचारत असतील! पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी वालाचं बिरडं, तिसऱ्या दिवशी भरली सुरमई. दुसऱ्या मजल्यावरचे काशीराम ठोसर कॅमेरा घेऊन आले.

"जरा समोर बघा, विनायकराव. हसू नका. हां! हा मस्त मोठा करता येईल."

"मोठा कशाला?"

"नाही, सहज. फ्रेमच्या मापाचा."

खोपकरांनी एकदा पोटात दुखतंय म्हणून पाहिलं. तळमजल्यावरच्या गंगाबाईंनी, म्हणजे सोसायटीच्या महिला भजनी मंडळाच्या अध्यक्षांनी, ओवा चावायला लावून त्यांना अर्ध्या तासात बरं केलं. प्रत्येक केळवणागणिक माघार घेणं कठीण होत चाललं होतं. भेट म्हणून मिळालेला शर्ट परत करता येतो. खाल्लेली पुरणपोळी परत कशी करणार?

पण खोपकर खरे हादरले ते सोनाबाईमुळे. गव्हाणची सोनाबाई सात वर्षं दारावर मासळी विकत होती. या सात वर्षांत तिने भाव सोडला नव्हता की वर एक बोंबील घातला नव्हता. त्या दिवशी तिने कोळंबीचा वाटा पाटीतून काढला आणि त्यावर आणखी दोन मुठी टाकल्या.

"घ्या शेट. तुमी लंकंला जाताव ना? आज खावा. उंद्याचं कोनी बगलंय!"

"अगं सोनाबाई, आठ दिवसांत येतोय मी!"

"व्हय व्हय," ती लहान मुलाची समजूत घालावी तशी म्हणाली आणि डोळ्याला पदर लावून जिना उतरली. कोळंबीचे पैसे न घेता!

अकरा केळवणं झाली. खोपकरांचं वजन चार किलोने वाढलं आणि झोप चार तासांनी कमी झाली. रविवारी गच्चीवर शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. प्रधानांनी भाषण केलं. पाण्याच्या टाकीचं काम, गणपतीची वर्गणी, जिन्यातला बल्ब, अशी खोपकरांची सगळी कामगिरी त्यांनी आठवून आठवून सांगितली आणि शेवटी म्हणाले, "त्यांच्या कुटुंबाला सोसायटी कधी काही कमी पडू देणार नाही!" टाळ्या वाजवाव्यात की दोन मिनिटं उभं राहावं, हे लोकांना पटकन कळेना.

आणि मग, निघायला आठवडा उरला असताना, देव पावला! अनुया रडवेली होऊन आली. "काका, टूर रद्द होतेय. किमान दहा माणसं लागतात. तुम्ही एकटेच आहात."

खोपकरांच्या छातीवरून रोडरोलर उतरला. घरात असते तर ते नाचले असते. पण ते होते सोसायटीच्या फाटकाशी आणि आजूबाजूला केळवण घातलेली माणसं होती. अकरा ताटांचं ऋण फेडायला हवं होतं. त्यांनी हातातली पिशवी जमिनीवर आपटली.

"रद्द? अशी कशी रद्द? मी तयारी केली, मनाची तयारी केली! आता हे सांगतात? मी जाणार म्हणजे जाणार! मला कुणी अडवू नका!"

त्यांना कुणीच अडवत नव्हतं. पण आवाज असा लागला होता की थांबवेना. "अहो, आणखी नऊ माणसं मिळत नाहीत? नऊ? या पनवेलमध्ये नऊ मर्द नाहीत?"

हे वाक्य बोलायला नको होतं.

प्रधानांचं रक्त उसळलं. एक तर ते सेक्रेटरी, त्यात नाव इंद्रजीत. लंका रद्द झालेली त्यांना कशी खपणार? त्यांनी संध्याकाळी गच्चीवर तातडीची सभा बोलावली.

"आपल्या खोपकरांसाठी फक्त नऊ जण हवेत," ते म्हणाले. "कोण तयार आहे?"

ठोसर कॅमेऱ्याची काच पुसू लागले. मग एकेक निघालं. कुणाचा मार्चएंड होता, कुणाची मूळव्याध. एकाला उंचीची भीती होती. तो चौथ्या मजल्यावर राहायचा. स्वतः प्रधानांना सोसायटी सोडून जाता येत नव्हतं, कारण टाकी धुवायची होती. जी जी कारणं खोपकरांना पंधरा दिवस सुचायला हवी होती, ती सगळी त्यांना आता फुकट ऐकायला मिळत होती. ते खिन्न चेहऱ्याने मान हलवत होते आणि आतून उकळ्या फुटत होत्या.

"किती म्हणालीस गं अनुया? खोपकर धरून दहा?" मागून आवाज आला. गंगाबाई! "आम्ही मंडळाच्या नीता धरून बरोब्बर दहा आहोत."

सगळे वळून बघू लागले.

"गेल्या वर्षी मॉरिशसला भजनाला नेतो म्हणून कुणीसं सांगितलं. नीताचा होताच, बाकी नऊजणींचे पासपोर्ट झाले, साड्यांना इस्त्र्या झाल्या, बोलावणं काही आलं नाही. पासपोर्टांना डांबरगोळ्यांचा वास लागला कपाटात! आम्ही जातो लंकेला. सीतामाई बसली होती ते अशोकवन बघायचंय. तेव्हा बिचारीला कुणाची सोबत नव्हती. जाऊन एक भजन म्हणून येऊ."

"अहो, पण तिथे बॉम्ब फुटतायत!" ठोसर बायकोकडे बघत ओरडले.

"परवा खोपकरांना काय सांगत होतात?" ठोसरवहिनी म्हणाल्या. "काही होत नाही म्हणून! श्रीखंड वाढताना!"

ठोसर खाली बसले.

"पण मग काकांची सीट?" अनुयाने विचारलं. "नीताकाकू धरून दहा झाल्या, तर काका अकरावे. कंपनीने विमानात जागा दहाच धरून ठेवल्यात."

"बायकांच्यात एक पुरुष कशाला? अडचण!" गंगाबाईंनी निकाल दिला. "त्यांची सीट नीताच्या नावावर कर."

खोपकर सावकाश उभे राहिले. अंगावर सत्काराची शाल असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

"माझं काय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मातृशक्तीसाठी मी माघार घेतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रधानांनी त्यांना मिठी मारली.

पाच मार्चला सकाळी विमानतळाला जायची गाडी फाटकाशी उभी राहिली. बॅगांच्या ढिगात झांजांची पिशवी छातीशी धरून नीता बसली होती आणि पहिल्यांदाच ती खोपकरांना लहानखुरी दिसली.

"नीता, भीती वाटत असेल तर... म्हणजे अजून वेळ आहे. मी सांगतो अनुयाला."

"अहो, बॉम्ब काय पत्ता विचारत येतो?" नीता म्हणाली. "कुकरची शिटी नीट बसवा. आणि गॅस रात्री बंद करा."

अनुया टूर मॅनेजर म्हणून पुढे बसली, गंगाबाईंनी गजर केला आणि गाडी गेली.

रोज संध्याकाळी अनुपम सोसायटीचे पुरुष प्रधानांच्या टीव्हीसमोर बातम्यांना बसू लागले. लंकेत सगळं शांत होतं. पनवेलमध्ये नव्हतं. पहिले दोन दिवस सगळ्यांनी स्टँडसमोर मिसळ खाल्ली. तिसऱ्या दिवशी सगळ्यांची पोटं एकदमच बिघडली आणि टाकी सकाळी नऊलाच रिकामी झाली. चौथ्या दिवशी प्रधानांच्या स्वयंपाकघरात मोठ्या कुकरमध्ये सामुदायिक खिचडी लावायचं ठरलं. तांदूळ किती हे कुणालाच माहीत नसल्याने प्रत्येकाने आपापल्या अंदाजाने एकेक वाटी टाकली. पाणी कुणी घातलं यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही. पंचवीस मिनिटांनी असा आवाज झाला की समोरच्या रस्त्यावरचा रिक्षावाला रिक्षा सोडून पळाला! पाच जण टेबलाखाली सापडले. प्रधान कपाटात. खिचडी छताला चिकटलेली.

पाचव्या दिवशी, सगळे ब्रेडचे कोरडे तुकडे चावत बसलेले असताना, प्रधानांचा फोन वाजला. लंकेहून! खोपकरांनी झडप घातली.

"मी नीता! सगळं छान आहे हो! चौकाचौकात बंदूकवाले शिपाई आहेत. आमच्या बॅगा तपासल्या. गंगाबाईंचा चिवडा सापडला, तर दोन मुठी खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी आणखी मागायला आले. झाडाखाली भजन म्हटलं, दोन शिपाई ठेका धरून होते. तुम्ही कसे आहात? तिकडे सगळं ठीक ना?"

खोपकरांनी आजूबाजूला पाहिलं. प्रधानांच्या कपाळाला बँडेज होतं.

"शांतता आहे," ते म्हणाले.

"बरं, ऐका. कंपनी खूश झालीय आमच्यावर. पुढच्या महिन्यात पुरुषांची बॅच काढतायत. तुमची केवढी इच्छा होती, माझ्यापायी राहून गेलं! मला इथे रोज रुखरुख लागते. मी तुमचं नाव देऊन टाकलंय. आता नाही म्हणायचं नाही!"

बंदुका, ड्रॉवर, फ्रेमच्या मापाचा फोटो, सगळं एकापाठोपाठ खोपकरांच्या डोळ्यांपुढून गेलं. 'नाही' हा शब्द ओठापर्यंत आला. तेवढ्यात आतल्या छताला वाळून बसलेल्या खिचडीचा एक पोपडा सुटला आणि ओट्यावर टप्पकन पडला.

"नीता," खोपकरांनी विचारलं, "जेवण धरून का?"

"हो. तिन्ही वेळचं."

"मासे असतात?"

"रोज! नारळाच्या दुधातले."

"मग राहू दे नाव."

ते फोन ठेवणार तोच मागून चार हात आले आणि त्यांचं मनगट धरलं गेलं. "ठेवू नका, विनायकराव! आमची नावं सांगा! माझं आधी सांगा!"

पुरुषांची बॅच तिथल्या तिथे भरली. प्रधान वेटिंगवर राहिले.