मायसाठी नरम टोस्ट

टोस्ट कसा खावा हे साऱ्या जबलपुरात आपल्या एकट्यालाच कळतं, असं नीलकंठ मेश्रामचं ठाम मत होतं. मत कसलं, अभिमानच! बेकरीतला खुटखुटीत टोस्ट घ्यायचा, उभा धरायचा, चहात अर्धा बुडवायचा, मनात चार आकडे मोजायचे आणि पाचव्याला तोंडात. तीनच मोजले तर टाळूला टोचतो, सहा मोजले तर कपाच्या तळाशी गाळ. फॅक्टरीत तो माल तपासायच्या खात्यात होता. सुताएवढा फरक दिसला की माल परत! हाच कायदा त्यानं घरातल्या चहाच्या कपालाही लावला होता.

घरात मात्र त्याचा कायदा कोणी मानत नव्हतं. बायको विनीता जबलपूरजवळच्या पाटणकडची, दूधदुभत्यात वाढलेली. ती टोस्टवर साय थापायची, सायीवर साखर भुरभुरायची आणि कोरडाच कुरुमकुरुम खायची. चहा प्यायचा असतो, त्यात कोणाला आंघोळ घालायची नसते, असं तिचं म्हणणं. आणि नीलकंठची माय, शेवंताबाई? तोंडात दात उरलेले दोन, तेही एकमेकांची तोंडं न बघणारे. ती बशीत चहा ओतायची, त्यात टोस्ट पार विरघळू द्यायची आणि मग बशी ओठाला लावून फुर्रर्र. तो फुर्रर्र तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जायचा.

त्या फुर्रर्रनंच सगळा घोटाळा केला. दोन वर्षांपूर्वी नीलकंठचे साहेब घरी चहाला आले होते. साहेब समोर बसलेले, आणि माय आपली बशी घेऊन मजेत. नीलकंठला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो हळूच म्हणाला, "माय, आत जाऊन खा ना."

एवढंच. पण बोलून गेलेला शब्द काही परत घशात घालता येत नाही. माय उठली, आत गेली, बशी धुऊन पालथी घातली आणि दुसऱ्या दिवशी छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीत बसून गोंदियाला थोरल्या लेकाकडे, गणपतकडे निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं! पण ती एक शब्द बोलली नाही. दोन वर्षं नीलकंठ पत्रं टाकत राहिला आणि तिकडून "तब्येत ठीक हाये" एवढंच येत राहिलं. रोज सकाळी तो चार मोजून टोस्ट खायचा, पण खरं सांगायचं तर त्याला तो गोड लागत नव्हता.

आणि त्या थंडीत मायचं पत्र आलं. शनिवारी येतो, चार दिवस राहतो, बुधवारी परत जातो. नीलकंठनं ते तीनदा वाचलं. मग विनीताला म्हणाला की या चार दिवसांत मायचा राग असा काढतो की ती परत जायचं नावच घेणार नाही. कसा काढणार, हेही ठरलेलं होतं. मायसाठी लोण्यासारखा नरम टोस्ट!

आता घमापुरात, म्हणजे नीलकंठच्या मोहल्ल्यात, तयार टोस्ट विकत आणणं म्हणजे कमीपणा. आपला मैदा, आपलं तूप, आपली साखर घेऊन गोहलपुरात शफीकभाईंच्या भट्टीवर जायचं, माल त्यांच्या हवाली करायचा आणि दोन दिवसांनी पत्र्याचा डबा भरून घरी आणायचा. पहिल्या दिवशी पाव भाजतात. दुसऱ्या दिवशी त्याचे काप करून पुन्हा भट्टीत घालतात. शुक्रवारी नीलकंठ सामान घेऊन गेला आणि तासभर शफीकभाईंचं डोकं खाल्लं. काप चांगला बोटभर जाड पाहिजे, म्हणजे आतून नरम राहील. भाजायचा तोही जेमतेम. शफीकभाई शांतपणे हो म्हणत राहिले.

नीलकंठ घरी येऊन मोठ्या ऐटीत हे सांगत होता, आणि विनीता ऐकताऐकता मनात वेगळाच हिशोब करत होती. तिला आपला नवरा ठाऊक होता. टोस्ट नरम आला की त्याचा चहात मोडणार, मोडला की हा चिडणार, आणि चिडला की तोंडातून पुन्हा काहीतरी भलतं निघणार. सासू दोन वर्षांनी येणार, तिच्यासमोर हा तमाशा नको. शनिवारी सकाळी तिनं भाजीची पिशवी उचलली आणि थेट भट्टी गाठली. काप तोवर एकदा भाजून निघाले होते. ती म्हणाली, भैया, एकदा आणखी भट्टीत घाला, आमच्या यांना कडक लागतो. शफीकभाईंनी घातले.

दुपारी हाऊबाग स्टेशनात गाडी लागली आणि माय उतरली. नीलकंठनं पाया पडून तिच्या हातातलं गाठोडं घेतलं. गाठोडं किती हलकं! दोन लुगड्यांचं. म्हणजे बुधवारी परत जायचं पक्कं.

रविवारी माय म्हणाली, गोहलपुरात कुसुमबाई राहते, तिला भेटून येतो. भेटली ती खरंच. पण परत येताना तिची पावलं भट्टीकडे वळली. तीही दोन वर्षं मनाशी काही बोलत होतीच ना! आपल्या त्या गिळगिळीत टोस्टापायी पोराची साहेबासमोर मान खाली गेली, हे तिला टोचत होतं. पोराला काय लागतं? चहात उभा राहणारा टोस्ट. तिनं शफीकभाईंना आपल्या मोडक्या हिंदीत बजावलं, "बेटा, मेश्राम के डब्बे का टोस्ट अच्छा कडक करना. मेरे लडके का चाय में टूटता है."

शफीकभाईंनी डोकं खाजवलं. एक माणूस नरम म्हणून गेला, दोन बाया कडक म्हणून गेल्या, आणि त्यातली एक तर खुद्द अम्मा. घरात कोणाचं चालतं हे त्यांना लग्न झाल्यापासून माहीत होतं. काप तिसऱ्यांदा भट्टीत गेले.

संध्याकाळी नीलकंठ डबा आणायला गेला तेव्हा ते म्हणाले, "भैया, आपके घर का एक-एक आदमी आकर बता गया है. अब शिकायत मत करना." नीलकंठला वाटलं, धंद्यातलं गोड बोलणं असेल. डबा उचलला तर चांगलाच खडखडला. तरीही त्याला काही कळलं नाही!

सोमवारी सकाळी नीलकंठनं आपल्या हातानं मायच्या बशीत चहा ओतला, त्यात टोस्ट ठेवला आणि समोर बसला. आज माय कितीही मोठ्यानं फुर्रर्र करो, तो कौतुकानं बघणार होता. माय वाट बघत बसली. टोस्ट बशीत पडून राहिला. तिनं बोटानं दाबला. दगड! तिनं पालथा केला, पुन्हा दाबला. चहा निवून त्यावर साय धरली, पण टोस्टाला ओल शिवली नव्हती.

नीलकंठनं स्वतःचा टोस्ट चहात धरला. चार मोजले. वीस मोजले. साठ मोजेपर्यंत हात अवघडला, पण टोस्ट शिपायासारखा ताठ. विनीतानं साय लावून दाढेखाली धरला तर अशी कळ गेली की तिनं गालच धरला. शेवटी नीलकंठनं तो ओट्यावर आपटला. ओट्याचा टवका उडाला. बाजूच्या पार्वताबाईंनी भिंतीपलीकडून विचारलं की सकाळीसकाळी खिळे काहून ठोकून राहिले.

नीलकंठ चप्पल घालून शफीकभाईंकडे भांडायला निघालाच होता. तेव्हा विनीता खाली मान घालून म्हणाली की मीच एकदा जास्त भाजायला सांगितला, तुमचा मोडू नये म्हणून. नीलकंठ तिच्यावर उखडणार, तेवढ्यात माय म्हणाली, "तिले काहून बोलतं? मी बी सांगतलं. तुह्या चहात मोडते ना, म्हणून."

"आणि मी तुझ्यासाठी नरम सांगितला होता, माय," नीलकंठ म्हणाला. त्यानं पायातली चप्पल काढली. "त्या दिवशी मी... साहेबासमोर तुला तसं बोलायला नव्हतं पाहिजे."

मायनं बशीतला टोस्ट उचलून पाहिला. मग तिला हसू फुटलं. ती हसली, विनीता हसली, नीलकंठ डोळे पुसत हसला, आणि भिंतीपलीकडून पार्वताबाईंनी आता काय झालं म्हणून विचारलं.

हसणं ओसरल्यावर माय उठली. पाट्यावर टोस्ट ठेवले, वरवंट्यानं कुटले, वर गरम दूध आणि गुळाचा खडा. तीन वाट्यांत तीन वाटे केले. चार मोजणारा, साय थापणारी आणि फुर्रर्रवाली, तिघंही तेच खात बसले. वाटी चाटून पुसून ठेवताना माय म्हणाली की एवढं तूप घातलेलं वाया कसं जाऊ द्यायचं? डबा संपला की जाईन.

बुधवार आला आणि गेला. नीलकंठ फॅक्टरीत शीळ घालत माल तपासू लागला. पण डबा म्हणजे काही विहीर नव्हे. पंधरा दिवसांत तो निम्म्यावर आला आणि नीलकंठचा जीव खालीवर होऊ लागला. रोज सकाळी माय झाकण उघडायची आणि त्याला गोंदियाची गाडी दिसायची.

शेवटी तो गोहलपुरात जाऊन उभा राहिला. शफीकभाईंना म्हणाला, अगदी तस्साच टोस्ट आणखी पाहिजे. शफीकभाईंना वाटलं, हा टोमणा मारतोय.

"भैया, वो तो गलती से बन गया था," ते दुखावल्या आवाजात म्हणाले. "तीन बार भट्टी में डालो, बिरादरी में कोई देख ले तो मैं क्या मुँह दिखाऊँगा?"

बघा, उभा जन्म दुसऱ्याचा माल नापास करण्यात घालवलेला माणूस त्या दिवशी नापास मालासाठी हात जोडत होता! पहिला घाणा चांगला खुसखुशीत निघाला. नीलकंठनं एक टोस्ट उचलून ओट्यावर आपटला. टोस्ट तुटला. त्यानं अख्खा घाणा परत केला. दुसरा घाणा पास झाला. तो डबा त्यानं पलंगाखाली लपवला आणि माय सकाळी अंगणात उन्हाला बसली की मूठमूठ टोस्ट मोठ्या डब्यात टाकू लागला. असे दोन महिने गेले. डबा काही संपेना. आपल्या हुशारीवर नीलकंठ इतका खूश होता की पुढच्या उन्हाळ्याची सोय म्हणून त्यानं आणखी एक डबा करून आणला.

फाल्गुनातल्या एका सकाळी तो असाच मूठ भरून डब्यात घालत होता आणि मागे माय उभी.

"नीलू," ती म्हणाली, "वरवंटा फिरवू फिरवू माह्या खांद्याची खुंटी झाली ना रे. थांबव आता."

नीलकंठ मूठ तशीच धरून उभा राहिला. शाळेत पकडल्यावर उभा राहायचा तसाच.

"माय, तूच म्हणाली होतीस. डबा संपला की जाईन."

"बोलाले काहीतरी लागते का नाही माणसाले? गणपतले मी त्याच आठवड्यात चिठ्ठी टाकली. माही पेटी पाठवून दे म्हणलं. थे पाह्य, तुह्या पलंगाखाली ढकलली हाये, महिना झाला."

नीलकंठ खाली वाकला. दोन्ही डब्यांच्या मधोमध, त्याला रोज हात घालायला जागा सोडून, मायची हिरवी पत्र्याची पेटी ठेवलेली होती. रोज तिला हाताचा धक्का लागत होता, पण माल तपासायच्या खात्यातल्या या माणसाला ती महिनाभर दिसली नव्हती.

"आता तरी त्या भैयाले सांग," माय बशी पुसत म्हणाली, "माह्यासाठी नरम बनव म्हणा. दोनाचा एकच दात राह्यला."