नोंद घ्यावी

दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी सूनबाई कपाटात शिरली.

एरवी ती दोनलाच शिरायची. पण ढब्बूला, म्हणजे तिच्या सात महिन्यांच्या चिरंजिवांना, आज नेमकं झोपायचं नव्हतं. मांडीवर, खांद्यावर, पाळण्यात, पुन्हा खांद्यावर असं करत त्यांनी सव्वातीन वाजवले आणि मग काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं डोळे मिटले. सूनबाईनं श्वास रोखून पन्नासपर्यंत आकडे मोजले, एक गुडघा आत टाकला, नवऱ्याचे कोट बाजूला सारले आणि रजयांच्या गठ्ठ्याला टेकून बसली.

घरात आवाज स्वच्छ रेकॉर्ड होईल अशी तेवढी एकच जागा होती. लोक आवाज घुमू नये म्हणून भिंतींना खास स्पंज चिकटवतात. इथे डावीकडे कोट, उजवीकडे रजया, डोक्यावर शाली आणि बुडाखाली बाळंतपणाआधीच्या, आता कमरेशी न जुळणाऱ्या पँटी. फोन गुडघ्यावर. दार बोटभर उघडं. ती फट तिला श्वास घेता यावा म्हणून नव्हती, ढब्बूचा श्वास ऐकू यावा म्हणून होती.

सूनबाई इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. घरात मिक्सरपासून राउटरपर्यंत काहीही रुसलं की स्क्रू तीच उघडायची. तरी दुकानात गेलं की विक्रेता सगळी माहिती नवऱ्याकडे बघून सांगायचा आणि नवरा मान वळवून तिला विचारायचा, "काय म्हणतोय हा?" या दुकानदारांचं, यंत्रांचं, ॲपांचं आणि सिनेमांचं जे काही मनात साठलं होतं, ते ती दोन महिन्यांपासून कपाटात बसून बोलत होती. कार्यक्रमाचं नाव 'बंद करून पुन्हा चालू करा'. श्रोते अकरा. त्यांतले दोन म्हणजे नवराच. एकदा फोनवरून आणि एकदा ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून.

सासूबाईंना यातलं काही माहीत नव्हतं, असा तिचा समज होता. "बाळ झोपलं की तूही पड," असा त्यांचा हुकूम होता. चार वाजता त्या विचारायच्या, "लागली का झोप?" आणि ही केसांतला लोकरीचा धागा काढत म्हणायची, "हो आई, मस्त."

आज मात्र अकरा श्रोत्यांचा प्रश्न नव्हता. आवाजी कार्यक्रम काढणाऱ्या एका कंपनीच्या संपादिकेनं तिला निरोप धाडला होता. निदान दहा मिनिटांचा नमुना पाठवा, जराही काटछाट नको, चारच्या आत, संध्याकाळी निर्णय कळवते. जमलं तर दर आठवड्याला स्वतःचा कार्यक्रम. गेल्या सात महिन्यांत दवाखान्यापासून जिन्यापर्यंत तिला सगळे 'ढब्बूची आई' म्हणत होते. ढब्बूची आई ती होतीच, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण त्याच्या आधीही ती कोणीतरी होती, आणि ते सिद्ध करायला आता चाळीस मिनिटं उरली होती. तिनं लाल बटण दाबलं.

"नमस्कार. आज मी भांडायला बसलेय. पहिलं भांडण माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी. काल पन्नास मिनिटं बाळाला खांद्यावर घेऊन मी येरझाऱ्या घातल्या. बाळ झोपलं, मी टेकले, आणि घड्याळ थरथरलं. म्हणे, उठा, जरा हालचाल करा! अरे, पट्टा कोणी कोणाला बांधलाय? दुसरं भांडण सिनेमाच्या ॲपशी. ते विचारतं, तुम्ही अजून बघताय का? बघतेय! एक सिनेमा पाच तुकड्यांत, आवाज बंद करून, खालची अक्षरं वाचत बघतेय. सात महिन्यांत एका नायकाचा आवाज कानावर पडलेला नाही. गाणीसुद्धा मी वाचते! आणि आमच्या घरातले दुसरे गृहस्थ मालिका दीडपट वेगानं बघतात. खलनायक धमकी देतो, ती लिलाव पुकारल्यासारखी. तोच वेग त्यांनी एकदा लंगोट बदलताना दाखवावा."

रंग भरत होता. आवाज सुटला होता. तेवढ्यात फोन टिंग करून वाजला.

एरवी ती थांबली असती आणि तेवढा भाग नंतर कापला असता. पण काटछाट नको होती. तिनं सरळ शिंगावरच घेतलं.

"ऐकलंत? हा हेडबाईंचा निरोप. हेडबाई म्हणजे बाळाची नोंद ठेवायचं ॲप. बाळ किती प्यायलं, किती झोपलं, सगळ्याचा हिशेब मागतं. आज काय म्हणतंय, वाचून दाखवते. 'आईने दुपारचे भोजन घेतलेले नाही. नोंद घ्यावी.'"

आणि ती थांबली. कारण ते खरं होतं. वाढलेलं ताट तिनं ढब्बू रडला म्हणून तसंच झाकून ठेवलं होतं.

"हे याला कळलं कसं?" तिचा आवाज खाली आला आणि मग दुप्पट वर चढला. "मी फोनच्या कॅमेऱ्याला चिकटपट्टी लावलीये. या ॲपच्या बावीस पानी अटी वाचल्यात. वाचणारी जगात मी एकटीच असेन. तरी परवा निरोप काय, 'आईच्या पाठीत चमक आहे, वजन उचलू नये.' त्याच्या आदल्या दिवशी, 'आईने कालचेच कपडे घातलेले आहेत.' आणि गेल्या शुक्रवारी..." इथे तिनं फोन तोंडाजवळ धरला. "गेल्या शुक्रवारी, 'आई न्हाणीघरात नळ सोडून रडली. चौकशी करावी.' नळ सोडलेला होता हो! नळाच्या आवाजातून रडणं वेगळं काढणारा मायक्रोफोन यांच्याकडे आहे! मी या कंपनीला सांगते, माझं जेवण, माझी पाठ, माझं रडणं हा तुमचा माल नाही. आज मी लेखी तक्रार करणार. वर पोलिसात जाणार. बघू कोण अडवतं!"

"कंपनीवर कशाला आग पाखडतेस? ते मी लिहिलंय."

आवाज पाळण्याकडून आला. ढब्बू अजून 'अ' सुद्धा म्हणत नव्हता, आणि हा आवाज तर साठीच्या पुढचा होता. मग सूनबाईनं फटीतून पाहिलं आणि पाळण्याच्या कठड्यावर लुकलुकणारा हिरवा दिवा तिला दिसला.

बेबी मॉनिटर. एक डबी पाळण्याला, दुसरी स्वयंपाकघरात सासूबाईंच्या डोक्याशी फळीवर. त्रेचाळीस जणांचे अभिप्राय वाचून तो तिनंच निवडला होता. बाळाचा श्वाससुद्धा ऐकू यावा, ही तिची अट होती. बटण दाबलं की पलीकडून बोलताही यायचं, पण ते बटण आजवर कोणी दाबलंच नव्हतं. आपण त्या डबीपासून चार हातांवर बसून रोज अर्धा तास बोलतो, हे घरातल्या एकुलत्या एका इलेक्ट्रॉनिक्सवालीच्या डोक्यात आलं नव्हतं.

"अहो आई! तुम्ही ऐकताय?"

"दोन महिने."

"आणि एकदाही बोलला नाहीत?"

"एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलीत मी. जोडून द्यायचं, कानावर पडेल ते पडू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. आज पहिल्यांदा नियम मोडला. तू पोलिसात निघालीस म्हणून."

"मीपण ऐकते गं," त्याच डबीतून, मागून आणखी एक आवाज आला. समोरच्या शिंपीणबाई दुपारी हातशिलाईचं काम घेऊन सासूबाईंकडे बसायच्या. सूनबाईला वाटायचं, गप्पा मारायला. "तुझा तो रिमोटचा भाग झकास होता. सासू रिमोट बंदुकीसारखा धरते म्हणालीस ना! टाके चुकले माझे हसून."

"तो भाग तर मी कापला होता!"

"आमच्याकडे न कापलेलंच येतं," सासूबाई म्हणाल्या. "आणि बंदुकीसारखा धरत नाही मी. सेल संपलेत, म्हणून हात लांब करावा लागतो. घरात एक इंजिनिअर आहे असं ऐकून आहे, पण सेल काही बदलले जात नाहीत."

या भडिमारानं ढब्बूचे डोळे उघडले. सूनबाई घाईनं उठली, डोकं दांडीला आपटलं, दोन कोट हँगरसकट अंगावर आले, आणि कपाटातून एक बिनडोक्याचा कोट धडपडत बाहेर येतोय, असं दृश्य ढब्बूनं पाहिलं. त्यानं जो सूर लावला, त्याला मॉनिटरची गरज नव्हती.

"काय पडलं?" डबीतून विचारणा झाली.

"मी!"

खरं तर मध्ये फक्त एक दार आणि आठ पावलं होती. पण सासूबाई उठल्या नाहीत आणि सूनबाईनं दार उघडलं नाही. डबीवर भांडणं सोपं होतं. तोंड दिसत नव्हतं. तिनं कोट उतरवला, ढब्बूला कडेवर घेतलं आणि पाळण्यापाशी उभी राहून विचारलं, "पण ॲपच्या नावानं कशाला लिहायचं?"

"मी कुठे नावानं लिहिलं? तुझ्या नवऱ्यानं माझ्या फोनात ते घालून दिलं. म्हणाला, काही वाटलं तर इथे टाक. माझं नाव घालायला विसरला असेल."

"आणि ती भाषा? भोजन घेतलेले नाही? नोंद घ्यावी?"

"मग काय लिहायचं? खात्यात असंच लिहायचो. एकतीस वर्षांत कोणी यंत्र म्हणालं नाही मला."

"तोंडावर विचारायचं होतंत ना. जेवलीस का, म्हणून."

"विचारलं की तू 'हो' म्हणतेस." सासूबाईंचा आवाज जरा खाली आला. "झोप लागली का विचारलं की म्हणतेस 'मस्त'. कपाटात बसून! शुक्रवारी डबीत नळाच्या आडून रडणं ऐकू आलं, विचारलं, डोळे लाल का? म्हणालीस, साबण गेला. मग मी कोणाला विचारायचं? म्हटलं, लिहून ठेवू. नवरा तरी वाचेल."

सूनबाईनं ढब्बूला दुसऱ्या कडेवर घेतलं. ढब्बू उत्सुकतेनं गप्प झाला.

"त्यानं हेडबाईंचे निरोप बंद करून ठेवलेत," ती म्हणाली. "सारखं टिंग टिंग होतं म्हणे."

"असं का?" डबीत खरखर झाली. "येऊ दे घरी."

तेवढ्यात सूनबाईची नजर कपाटात गेली. रजईवर पडलेल्या फोनवर लाल ठिपका अजून जळत होता. तेवीस मिनिटं. घड्याळात तीन चव्वेचाळीस. बॅटरी चार टक्के. घोळ असा की दुसरा नमुना करायला झोपलेलं बाळ लागतं, आणि बाळ आता कोटाची बाही चघळत ताजंतवानं बसलं होतं.

"काय झालं? बोलत का नाहीस?"

तिनं सांगितलं. कंपनी, चार वाजता, काटछाट नको, दर आठवड्याला. सगळं.

मग सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्यामुळे गेलं?" इतक्या बारीक आवाजात त्या बोलू शकतात, हे सूनबाईला ठाऊक नव्हतं.

"गेलं-बिलं काही नाही!" तिनं फोन उचलला. "जे झालंय तेच जाईल. माझ्या घरात यंत्रं बोलतात, कपाटं बोलतात, तर सासू का नाही बोलणार? नाही आवडलं तर घालतील कानात बोळे. मी कोणाच्या पाया पडणार नाही."

तिनं पाठवलं. तीन वाजून सत्तावन्न मिनिटांनी ते गेलं, आणि पाठोपाठ फोननं मान टाकली.

सहाला चार्जिंगच्या वायरीला बांधलेल्या त्याच फोनवर संपादिकेचा फोन आला, तेव्हा ढब्बूचा लंगोट अर्धा सुटलेला होता. सूनबाईनं स्पीकर लावला.

"ऐकलं आम्ही. चौघांनी, तीनदा," संपादिका म्हणाली. "तुमचं बोलणं चांगलंय. पण खरं सांगू का? गॅजेटांवर बोलणारे आमच्याकडे सहा जण आहेत. त्या दुसऱ्या बाई कोण हो? एक्सचेंजवाल्या? त्या कार्यक्रम करतील का आमच्यासाठी? त्यांच्या एकट्यांचा?"

सूनबाईचा हात लंगोटावर थांबला. दोन महिने गुडघे पोटाशी घेऊन बसल्याची कळ आत्ता एकदम गुडघ्यांत आली. 'नाही' म्हणावं, असं फार वाटलं. 'हो' म्हणायला हवं, हेही कळत होतं. "त्या माझ्या..." तिनं सुरुवात केली, आणि पाळण्याकडे खरखर झाली.

"एकटीनं बोलायची सवय नाही मला," सासूबाई डबीतून म्हणाल्या. "दोन्ही टोकांना माणूस असल्याशिवाय मी लाइन उघडत नाही. शिवाय मला समोर चुकणारं कोणीतरी लागतं. आणि आमच्या सूनबाईइतकं छातीठोक चुकणारं माणूस तुम्हाला सहा जणांत मिळायचं नाही."

"मी चुकले नव्हते," सूनबाई डबीकडे वळून म्हणाली.

"मायक्रोफोनवर आळ घेतलास की."

"मग ऐकत होताच ना मायक्रोफोन? होता की नाही?"

"कंपनीचा नव्हता!"

"मायक्रोफोन तो मायक्रोफोन!"

"थांबा, थांबा," संपादिका पलीकडून ओरडत होती, "एक मिनिट, मला हे रेकॉर्ड करू द्या."

कोणीच थांबलं नाही.