पुलाखालून जाणारे नाना

आमच्या नानांच्या दाराजवळ चांगला कमानींचा दगडी पूल आहे आणि नाना नाल्यातून जातात.

अमळनेरच्या बाहेर, जुन्या मालकांच्या आमराईत, बंगल्यामागची एक खोली मी भाड्याने घेतली. मालक मंडळी कधीच परदेशी गेली. राखण नानांकडे. बंगल्याच्या रस्त्यावर, फाटकाच्या थोडं आत हा पूल. पहिल्या दिवशी मी स्कूटर घेऊन आलो तर नाना धोतर खोचून काठ उतरत होते.

"पूल पक्का आहे ना?" मी विचारलं.

"पूल दमेल शे," नाना गंभीरपणे म्हणाले. "त्याले आराम करू द्या."

मी घाबरलो. स्कूटर ढकलत नाल्यात उतरलो. चिखलात एक चप्पल गेली, ती आजवर सापडली नाही. मधोमध अडकलो असताना कापसाने लादलेला टेम्पो डोक्यावरून धडधडत गेला आणि नानांनीच खालून हात केला, "येऊ द्या, येऊ द्या!"

"अहो, पूल दमलाय ना?"

"बठ्ठं ठीक शे," नाना म्हणाले.

सगळं ठीक आहे, हे त्यांचं पेटंट वाक्य. गाय हरवली तरी बठ्ठं ठीक शे, सापडली तरी बठ्ठं ठीक शे.

पुढे कारणं बदलत गेली. एकदा म्हणाले, कमानीच्या दगडात नाग राहतो. एकदा म्हणाले, चढ-उतार केला की गुडघे सुधारतात. गुडघ्यांकडे पाहून तसं वाटत नव्हतं. मी इतका गोंधळलो, की घाईच्या दिवशीही पुलाच्या तोंडाशी उभा राहून विचार करू लागलो, आपण नक्की कुठून जायचं?

नानांची बायको अक्का मात्र डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन खुशाल पुलावरून जायची. तिला विचारलं तर हसून म्हणायची, "त्यासलेच इचारा."

श्रावणात वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला आणि नाला गढूळ होऊन फुगला. संध्याकाळी मी बँकेतून परतलो तेव्हा नाना पाण्यात उतरले होते, कमरेपर्यंत. पुढचं पाऊल टाकलं आणि ते डगमगले. मी धावत जाऊन दंडाला धरून त्यांना काठावर ओढलं.

"नाना, वाहून गेला असता! हा काय पूल आहे शेजारी!"

नाना धापा टाकत बसले. या वेळी 'ठीक शे' आलं नाही.

"मना बा इठे गडी व्हता," ते म्हणाले. "पूल मालकना बग्गीसाठे. गडी माणूस नालामाईनच. मले खांदावर बसाडीसन लई जाये."

"पण आता मालक नाहीत. कोण अडवतं तुम्हाला?"

"कोन्ही नही." त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "पन मी वरथीन गऊ, ते बा खाले एकला ऱ्हाई जाई."

ते वरून गेले तर बाप खाली एकटा राहील! म्हणजे नाग, गुडघे, दमलेला पूल ही सगळी नुसती निमित्तं होती. मी त्यांच्या शेजारी काठावर बसलो.

तेवढ्यात पलीकडून अक्का आली. आमच्याकडे एक नजर टाकून ती सरळ पुलावरून चालत आली, हातात फडक्यात बांधलेली भाकर आणि मिरचीचा ठेचा.

"अक्का, तुम्ही बऱ्या वरून येता!" मी म्हटलं.

"तो यासना बाप व्हता, मना नही," ती म्हणाली. "आनि मना पाय दुखतस."

नाना हसले. अक्काने पदराने त्यांचं डोकं खसाखसा पुसलं, भाकरीचे तीन तुकडे केले आणि आमच्या मध्ये बसली.

पाणी उतरायला बराच वेळ लागला. घर समोर दिसत होतं, पूल बाजूलाच होता. पण कुणीच उठलं नाही.