पायाळू संवर्गातील रिक्त पद

पाठीचा कणा ही अशी व्यवस्था आहे, की ती नीट चालू असेपर्यंत तिची कुणीही दखल घेत नाही. वडिवळे आणि पंचक्रोशीत ती बिघडली, की उपचाराचे दोनच मान्यताप्राप्त मार्ग आहेत : लोणावळ्याचे मणकातज्ज्ञ डॉ. प्रज्ञेश आणि नंदाबाईंची लाथ.

नंदाबाई पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याआधी त्यांचे पाय बाहेर आले. अशा माणसाने उसण भरलेल्या कमरेत लाथ मारली की उसण जाते, हे सर्वांना ठाऊक आहे (का जाते, ते उसणीला ठाऊक). रुग्णाने उंबऱ्याशी ओणवे व्हायचे, डाव्या पायाच्या तीन लाथा घ्यायच्या आणि मागे न बघता घरी जायचे. पंचेचाळीस वर्षांत तक्रार एकच आली, तीही लाथ हळू बसल्याची.

संवर्गात नवी भरती मात्र बंद आहे. हल्ली बाळ पायाकडून दिसले की डॉक्टर सिझर करतात. त्यात आई वाचते, बाळ वाचते, फक्त पायाळू वाया जातो.

अशा टंचाईत, ऐन भाताच्या आवणीत, रोपांची मूठ उचलताना खुद्द नंदाबाईंच्याच कमरेत कळ भरली. स्वतःला लाथ मारण्याची तरतूद नियमांत नाही. (त्यांनी प्रयत्न केला. तो त्यांच्या सुनेने, सारिकाने, पाहिला. त्यावर घरात पुन्हा चर्चा झालेली नाही.) दुसरे पायाळू, तिकोणा पेठेचे गोविंदा, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सेवानिवृत्त झालेले. नंदाबाई चार दिवस कुशीवर पडून राहिल्या. खाचर तसेच राहिले होते. आपण आता उठलोच नाही तर, या विचाराने त्या आयुष्यात पहिल्यांदा घाबरल्या.

शेवटी सारिकाने त्यांना जीपमध्ये घालून लोणावळ्याला नेले. डॉक्टरांनी त्यांचे पाय उचलून पाहिले, मणक्याचा फोटो काढून आणायला लावला आणि तो दिव्यावर लावायला पाठ फिरवली. नंदाबाई त्या पाठीकडे बघतच राहिल्या.

"डाक्टर, तुमी आमच्याकडं येऊन गेलाय."

"मी? नाही हो मावशी, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय."

"म्या त्वांड बघतच न्हाई कुनाचं. पाठ वळखते. तुमची डावीकडं कलती हाय. गनपतीत आलता, आन् शिमग्याला."

डॉक्टरांनी दार लोटून घेतले. "अभ्यास म्हणून आलो होतो," ते म्हणाले.

"दोनदा?" सारिकाने विचारले.

डॉक्टर लिहू लागले. चार व्यायाम, ओझे उचलणे बंद, आणि सहा आठवडे लाथ मारणे बंद. इथे त्यांचा हात आपसूक स्वतःच्या कमरेकडे गेला. "चार आठवडे लिहू का?" त्यांनी हळूच विचारले. नंदाबाईंनी सहाच लिहायला सांगितले.

भीतीपोटी त्यांनी व्यायाम एकही दिवस चुकवला नाही. सहाव्या आठवड्यात त्या बांधावर उभ्या राहून, भातातले तण काढायची बेणणी कशी चुकतेय ते सारिकाला ओरडून सांगत होत्या. यावरून प्रकृती पूर्ववत झाल्याचे घरात मान्य करण्यात आले.

दरम्यान, बंद दारावरून परत गेलेल्यांची नावे सारिकाने वहीत लिहून ठेवली होती. एकूण चौतीस. ना लाथ, ना गोळी. त्यातले एकतीस दीड महिन्यात आपोआप बरे झाले होते. उरलेले तीन खरोखर आजारी निघाले, म्हणून वही डॉक्टरांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि नंदाबाईंकडे पाहिले. दोन्ही संस्थांचे इतके एकमत पूर्वी कधी झाले नव्हते.

"तिघांना धाडून द्या माझ्याकडे," डॉक्टर म्हणाले.

"आन् वही चुलीत घाल," नंदाबाई म्हणाल्या.

वही जळाली. आकडा मात्र आता तुम्हाला कळला आहे. तरी उद्या मोजे घालायला वाकाल, कमरेत कळ येईल, आणि दीड महिना कळ काढायची सोडून तुम्ही संध्याकाळपर्यंत दोघांचेही पत्ते विचाराल. म्हणून सांगून ठेवतो. लोणावळ्याला आधी नाव नोंदवावे लागते. वडिवळ्याला रविवारी सकाळी जावे आणि गाडी शाळेच्या मागे लावावी. जांभळाखालची जागा तेवढी सोडा, ती डॉक्टरांची आहे.